तेलाचा हौद रिकामा का ठेवायचा?

गेल्या महिन्यात माझा भाचा धुळ्याला येऊन गेला. आप्पांचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा धाकटा मुलगा. विजेच्या उपकेंद्रांची बांधकामे करणाऱ्या एका ठेकेदाराकडे तो इंजिनिअर आहे. चहा पिता पिता त्याने एक नकाशा उलगडला आणि म्हणाला, "फुई, तू मराठीची बीए ना, मग सांग. सोक पिटला मराठीत काय म्हणायचं? साईटवर पाटी लावायची आहे."

मी पटकन म्हटले, "शोषखड्डा."

तो हसायला लागला. "तोच शब्द नको आहे गं. त्या शब्दानेच घोळ होतो."

त्याचे म्हणणे असे. आपल्याकडे शोषखड्डा म्हणजे मोरीचे सांडपाणी जिरवायचा खड्डा. खाली दगड, वर विटांचे तुकडे, वर वाळू, तळ मोकळा. पाणी जमिनीत मुरले म्हणजे खड्ड्याचे काम झाले. पण मोठ्या ट्रान्सफॉर्मरभोवती जो खड्डा करतात त्यात तेल जमिनीत मुरायला नको असते. त्याचा तळ आणि भिंती काँक्रीटच्या, पाणी न झिरपणाऱ्या हव्यात. गवंडी मात्र 'शोषखड्डा' ऐकतो आणि आपल्या सवयीने तळ उघडा ठेवतो. नकाशा इंग्रजीत, गवंडी मराठीत, आणि मधल्या फटीतून तेल खाली!

आता आमच्यासारख्या मास्तरणीला शब्द चुकल्याचे कळले की झोप येत नाही. पुढचे दोन-तीन आठवडे मी ह्याच विषयाच्या मागे लागले. भाच्याला फोन करकरून पिडले, मिळेल ते वाचले. आणि वाचता वाचता आमच्या मळ्यातल्या विहिरीची एक जुनी गोष्ट वर आली, ती मी आजवर कुठे लिहिली नव्हती. आज लिहिते.

आधी ट्रान्सफॉर्मरमध्ये तेल कशाला, ते सांगते. पाठ्यपुस्तकात त्याला 'रोहित्र' म्हणतात, आपल्या शेतात त्याला डीपी म्हणतात. लोखंडी पेटीत तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या तारांची वेटोळी असतात. वीज वाहिली की ती तापतात. तेलाची दोन कामे: ती उष्णता बाहेरच्या पत्र्यापर्यंत वाहून न्यायची, आणि एका वेटोळ्यातून दुसरीकडे ठिणगी उडू द्यायची नाही. पहिल्या काळातले ट्रान्सफॉर्मर हवेवरच थंड होत. तारांना सूत गुंडाळलेले असे, आपल्या कापसाचेच भाऊबंद. व्होल्टेज वाढवायचे तर हवा आणि सूत पुरेना. १८९१ मध्ये जर्मनीत लाउफेनहून फ्रँकफर्टपर्यंत १७५ किलोमीटर वीज नेऊन दाखवली, तेव्हा त्या ट्रान्सफॉर्मरमध्ये तेल भरलेले होते. त्यानंतर तेलाने जे ठाण मांडले ते आजपर्यंत.

हे तेल खनिज तेल, म्हणजे पेट्रोल-डिझेलच्या कुळातले. पाण्याहून हलके, साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे तापले की त्याची वाफ पेट घेऊ शकते. आतमध्ये मोठा बिघाड झाला तर क्षणात वायू तयार होतो, पेटी फुटते आणि पेटते तेल बाहेर येते. म्हणून सुरुवातीपासून लोकांना भीती होती ती आगीची. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतला ६४ वा नियम, दुरुस्त्या होत होत तो जसा राहिला, तसा भाच्याने मला वाचून दाखवला. २००० लिटरहून जास्त तेल असलेले यंत्र बसवायचे तर तेलासाठी खड्डा हवा, आणि ठरावीक ठिकाणी दोन यंत्रांमध्ये चार तास आगीला तोंड देईल अशी भिंत हवी. एकाच टाकीत ९००० लिटरहून जास्त असेल तर गळलेले तेल वाहून नेण्याची किंवा काढून घेण्याची सोय हवी, आग पसरू नये म्हणून खास काळजी हवी.

मी त्याला विचारले, "वाहून न्यायची सोय म्हणजे कुठे न्यायची?"

"नियमाला तेल आगीपासून लांब न्यायचं आहे, फुई. कुठे, ते पुढचं पुढे."

ह्या विषयाचा सगळा इतिहास मला त्या उत्तरात दिसला. आधी भीती आगीची होती, पाण्याची भीती नंतर आली. जगभर असेच झालेले दिसते. अमेरिकेत १९६९ मध्ये क्लीव्हलंड शहरातली कायाहोगा नदी चक्क पेटली, पाण्यावर तरंगणाऱ्या तेलकट घाणीने. नदीला आग लागलेली पाहिल्यावर तेल पाण्यात जाऊ देणे हा गुन्हा आहे हे लोकांना पटू लागले. डिसेंबर १९७३ मध्ये तिथे सांडणाऱ्या तेलाला अडवण्याचे नियम निघाले. आपले महाराष्ट्र राज्यही त्या बाबतीत मागे नव्हते. पाणी प्रदूषणाविरुद्ध आपल्या राज्याने स्वतःचा कायदा १९६९ मध्येच केला, त्याखाली १९७० मध्ये मंडळ स्थापन झाले, आणि केंद्राचा जल कायदा १९७४ चा. पण वीजवाल्यांच्या पुस्तकातला खड्डा आणि पाणीवाल्यांच्या पुस्तकातली विहीर ह्यांची गाठ पडायला बराच वेळ लागला.

आगीच्या भीतीने माणसाने एक मोठी चूकही केली. १९३० च्या सुमारास न पेटणारे तेल म्हणून पीसीबी नावाची रसायने ट्रान्सफॉर्मरमध्ये भरायला सुरुवात झाली. पेटत नाहीत खरी, पण नष्टही होत नाहीत. माती, मासे, माणसाची चरबी, सगळीकडे साठत जातात. १९६८ मध्ये पश्चिम जपानमध्ये तांदळाच्या कोंड्यापासून काढलेल्या खाद्यतेलात ही रसायने यंत्रातून गळून मिसळली आणि हजाराहून अधिक माणसे आजारी पडली. अमेरिकेने १९७९ मध्ये ती बनवणे बंद केले. २००१ च्या स्टॉकहोम कराराला भारताने २००६ मध्ये मान्यता दिली आणि २०१६ मध्ये ती वापरातून काढण्याचा आदेश काढला. न पेटणारे तेल मिळाले म्हणून माणूस निर्धास्त झाला, आणि ते गळते कुठे हे बघायचे राहून गेले.

आता विहिरीची गोष्ट.

माझे माहेर अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या बाजूला. तेल आमच्याकडे नवखे नाही. भुईमुगाच्या शेंगांच्या गाड्या अमळनेरला जायच्या. आज जगभर संगणकासाठी ओळखली जाणारी विप्रो ही कंपनी १९४५ मध्ये अमळनेरला सुरू झाली ती वनस्पती तेलाचा कारखाना म्हणून, हे नव्या मुलांना सांगितले तर खरे वाटत नाही. पण डीपीतले तेल आमच्या गावी आले ते विजेच्या पंपांबरोबर. १९६० मध्ये राज्याचे वीज मंडळ झाले, १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ आले, आणि १९७२ च्या दुष्काळाने पोळलेला प्रत्येक शेतकरी विहिरीवर मोटर बसवायच्या मागे लागला. आमच्या मळ्यातही दोन खांबांवर डीपी आली. जागा कुठली, तर विहिरीपासून पंधरा-वीस पावलांवर. तेव्हा ती जवळ आली ह्याचा केवढा आनंद! तार कमी लागली, खर्च वाचला.

१९८१ चा पावसाळा. मी धुळ्याला नोकरीला होते, पोळ्याला माहेरी गेले होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा मळ्यातून आले ते मटकन ओट्यावर बसले. रात्री चोरांनी डीपीचा खालचा व्हॉल्व्ह उघडून तेल काढून नेले होते. डब्यांत मावले तेवढे नेले, बाकीचे तसेच वाहू दिले. मध्यरात्रीनंतर सर आली. पाण्याने ते तेल बांधाच्या कडेने ओढत नेले आणि विहिरीत सोडले.

आम्ही बघायला गेलो. पाण्यावर मोरपिसासारखे रंग पसरले होते. दिसायला फार सुंदर, आणि वास असा की जनावरे काठाशी येईनात. माय काठावर उभी राहून एवढेच म्हणाली, "तेल बी गयं, पानी बी गयं."

मी आता बसून हिशेब केला. तसल्या डीपीत दीडशे-दोनशे लिटर तेल असते. समजा, त्यातले चाळीस लिटरच विहिरीत गेले. आमची विहीर पाच मीटर व्यासाची, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग साडेएकोणीस चौरस मीटरच्या आसपास. तेलाचा थर आला दोन मिलिमीटर. दोन मिलिमीटर म्हणजे काय, तर शेवभाजीवरची तर्री. तेवढ्याने विहीर बाद झाली.

मायने उपाय काढला. घरात सरकी न काढलेला कापूस होता. तो जुन्या धोतराच्या पिशव्यांत भरून दोरीने विहिरीत सोडला. कच्चा कापूस पाण्याआधी तेल धरतो, हे तिला कोणी शिकवले होते देव जाणे. पिशव्या वर काढायच्या, लांब नेऊन जाळायच्या, पुन्हा नव्या सोडायच्या. आठवडाभर हे चालले. वरचे तेल गेले, पण दगडांच्या सांध्यांत जे बसले ते बसलेच. पुढचा उन्हाळा येईपर्यंत पिण्याचे पाणी शेजारच्या मळ्यातून डोक्यावरून आणले. माझी वहिनी तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती. हंडे तिनेही वाहिले. नकाशा घेऊन माझ्याकडे आलेला हा भाचा म्हणजे तेव्हाचे ते पोटातले बाळ.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर मी ती केव्हाच लिहिली असती. पण आमच्या घरात कोनाड्यात एक बाटली असायची. वडिलांचे गुडघे दुखायचे, आणि डीपीच्या तेलाने सांधे मोकळे होतात अशी तेव्हा गावोगाव समजूत होती. बाजारच्या दिवशी एक माणूस गुपचूप आणून द्यायचा. ते कुठून येते हे घरात सर्वांना ठाऊक होते. मीही, शिकलेली, शाळेत मुलांना चोरी करू नये म्हणून शिकवणारी, रात्री वडिलांच्या गुडघ्यांना ते चोळलेले आहे. तेल दुसऱ्याच्या डीपीतून जात होते तोवर आम्हाला ते औषध होते. त्या पोळ्यानंतर वडिलांनी ती बाटली उकिरड्यावर नेऊन पुरली. पुरली म्हणजे तीही जमिनीतच गेली! आज कळते, ते औषध नव्हतेच. अंगाला लावायची ती वस्तूच नव्हे.

तर हे माझे आणि ह्या विषयाचे नाते. आता तो खड्डा नीट कसा करतात ते सांगते. भाच्याने मला वहीत आकृती काढून समजावले.

ट्रान्सफॉर्मर चौथऱ्यावर. भोवती काँक्रीटचा खड्डा, त्यात साधारण एकाच आकाराचे, चाळीस मिलिमीटरच्या आसपासचे दगड. पेटते तेल ह्या दगडांमधून खाली जाताना थंड होते, वरून हवा मिळत नाही, ज्वाळा विझते. एका मापाचेच दगड का? लहानमोठे मिसळले तर लहान दगड मोठ्यांच्या फटीत जाऊन बसतात आणि तेलाला जागा उरत नाही. एकाच मापाचे असले तर दर शंभर भागांत चाळीसच्या आसपास भाग पोकळ राहतात. काही ठिकाणी दगडांचा थर लोखंडी जाळीवर घेतात आणि खाली सगळी पोकळी ठेवतात. तिथून उताराचा नळ लांबच्या एका मोठ्या हौदाला जातो. अनेक ट्रान्सफॉर्मर असतील तर हा हौद सगळ्यांत मिळून एक, निदान सर्वांत मोठ्या ट्रान्सफॉर्मरचे सगळे तेल मावेल एवढा. शिवाय आग विझवायला मारलेले पाणी आणि पाऊस.

हौदातून पाणी बाहेर काढायची युक्ती मला फार आवडली. तेल तरंगते, म्हणून बाहेर जाणाऱ्या नळाचे तोंड वर न ठेवता तळाशी ठेवतात. तळातले पाणी निघून जाते, तेल आत अडकून राहते. अर्थात त्या तोंडावर पाण्याचा थर कायम हवा, तो संपला की पाठोपाठ तेलही निघाले. पाणी खालून न्यायचे शहाणपण आमच्या पांझरेला जुने आहे. १८८४ मध्ये सरकारी नोकरीत लागलेले विश्वेश्वरय्या सुरुवातीला धुळ्याकडेच होते, आणि पांझरेच्या एका प्रवाहावर नळाचा सायफन बांधणे हे त्यांचे सुरुवातीचे काम.

मग मी भाच्याला शाळेतल्यासारखे गणित घातले. ट्रान्सफॉर्मरमध्ये ६०,००० लिटर तेल आहे, म्हणजे ६० घनमीटर. सगळे दगडांच्या पोकळीतच मावायला हवे असेल तर खड्डा केवढा? पोकळी चाळीस टक्के, म्हणून खड्डा १५० घनमीटर. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद, दीड मीटर खोल. बरोबर? बरोबर.

"आता दुसरे गणित," मी म्हटले. "धुळ्याला वर्षाचा पाऊस किती?" साधारण ५५ ते ६० सेंटीमीटर. आपला दुष्काळी भाग, तरी तेवढा पडतो. १०० चौरस मीटरच्या खड्ड्यावर ६० सेंटीमीटर पाऊस म्हणजे किती पाणी? ६० घनमीटर.

भाचा गप्प झाला. मीही झाले. बाष्पीभवन सोडून दिले, तर एका पावसाळ्याचे पाणी बरोबर त्या खड्ड्याच्या सगळ्या पोकळीएवढे. म्हणजे कोणी पाणी काढले नाही तर दिवाळीपर्यंत तो खड्डा असून नसल्यासारखा. त्या दिवशी ट्रान्सफॉर्मर फुटला तर तेल पाण्यावर तरंगत काठावरून बाहेर. आणि दगडांत धूळ, पालापाचोळा, गवत साठत गेले की चाळीस टक्के पोकळीही चाळीस राहत नाही. आमच्या काळ्या मातीचे तर विचारूच नका. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. खड्ड्याची भिंत तिने ढकलून तडकवली की तेल थेट त्या भेगांतून खाली. म्हणून बांधताना जेवढी काळजी, तेवढीच दरवर्षी मृगाच्या आधी आणि नंतरही हवी.

पांझरेकाठच्या फड पद्धतीत बंधारा बांधून लोक थांबले नाहीत. पाणी वाटायला पाटकरी नेमले, पिके राखायला जागल्या नेमला, त्यांचा मेहनताना ठरवला. बंधारे शतकानुशतके टिकले ते ह्या माणसांमुळे. आपल्या खड्ड्याला असा पाटकरी कोण? नकाशात खड्डा असतो, खर्चाच्या कागदात दगड असतात. पावसानंतर वर तेल आहे का ते बघून पाणी सोडणाऱ्या माणसाचे नाव मात्र कुठेतरी लिहिलेले हवे.

आज खानदेशात ह्या प्रश्नाचा आकार मोठा आहे. भुसावळजवळ दीपनगरचे औष्णिक केंद्र आहे, धुळ्याजवळ भोपाळहून येणाऱ्या वाहिनीचे ७६५ किलोव्होल्टचे उपकेंद्र आहे. इतक्या मोठ्या यंत्रांसाठी नियम आहेत. १९५६ चे नियम जाऊन केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे विनियम २०१० मध्ये आले, २०२३ मध्ये पुन्हा नवे. पण २००० लिटरच्या त्या रेघेखाली आमच्या मळ्यातली दोनशे लिटरची डीपी कुठे बसते? कुठेच नाही. एकेकटी लहान, म्हणून हिशेबात नाही. प्रत्येक डीपीखाली काँक्रीटचा खड्डा करा असे मी म्हणत नाही, ते होणारही नाही. अमेरिकेतही २००६ मध्ये अशा यंत्रांसाठी भिंतीऐवजी नियमित पाहणी आणि सांडल्यास काय करायचे त्याची लेखी तयारी, असा पर्याय दिला गेला. आपल्याला निदान एवढे करता येईल: डीपी विहिरीच्या वरच्या अंगाला नको, खालच्या अंगाला. मध्ये मातीचा एक आडवा बांध. आणि व्हॉल्व्हला कुलूप.

आता वनस्पती तेलावर चालणारे ट्रान्सफॉर्मरही निघाले आहेत. ते तेल ३०० अंशांच्या पुढेच जळत राहते आणि मातीत लवकर कुजते. आमच्या अमळनेरच्या तेलाचे दूरचे नातेवाईक म्हणायचे! पण पाण्यावर तेही तरंगतेच. दोन मिलिमीटरचा थर गोड्या तेलाचा असला तरी विहिरीचे पाणी कोण पिणार? हौद त्यालाही लागतो.

राहिली पाटी. किल्ल्यावर पाण्याची टाकी असतात, आमच्या लळिंगवरही आहेत, म्हणून मी भाच्याला मोठ्या हौसेने शब्द दिला: 'तेलटाके'. चार दिवसांनी त्याचा फोन. "फुई, पेंटरने पाटीवर काय लिहिलं माहीत आहे? तेल टाका!"

माझी बीए तिथेच संपली. मग दोघांनी मिळून साधे लिहिले. पाटी आता लागली आहे, त्याने फोटो पाठवला. "हा तेलाचा हौद आहे. पावसाचे पाणी साचू देऊ नये. हौद कायम रिकामा ठेवावा." खाली, पाणी काढणाऱ्याचे नाव लिहायला एक मोकळी ओळ सोडायला मी सांगितले होते. फोटोत ती ओळ अजून मोकळीच आहे. नाव लिहून झाले की पुन्हा फोटो पाठव, असे मी त्याला बजावले आहे.